गाडीचं दुखणं : बॅटरी बदलण्याआधी तीन आकडे

पाऊस लागला की माझं टपाल वाढतं. या महिन्यात टेबलावर पडलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच चालीत आहेत : ‘काका, नवी बॅटरी टाकली, पंधरा दिवसांत पुन्हा बसली.’ म्हणून या वेळी चेन, ब्रेक, कार्ब्युरेटर सगळं बाजूला. फक्त चार्जिंग.

नव्या वाचकांसाठी सांगतो. कराडच्या एसटी डेपोत इलेक्ट्रिशियन म्हणून मी अठ्ठावीस वर्षं काढली. आता घराच्या पुढच्या खोलीत मोटरसायकलींची वायरिंग बघतो. तिकडं चोवीस व्होल्टचा कारभार होता, इकडं बाराचा, पण दुखणी तीच. आणि दोन्हीकडं लोकांचा पहिला संशय बिचाऱ्या बॅटरीवरच. घरातला रांजण सकाळी रिकामा दिसला तर आपण बाजारात जाऊन नवा रांजण आणत नाही. नळाला पाणी आलं होतं का ते विचारतो, बुडाशी ओल आहे का ते बघतो. गाडीचा रांजण मात्र आपण सरळ बदलून टाकतो, आणि दुकानदारही नको म्हणत नाही.

पुढची उत्तरं वाचताना हाताशी एक डिजिटल मल्टिमीटर असू द्या. तीन-चारशे रुपयांचा चालतो. बॅटरीच्या किमतीपुढं ते काहीच नाही.

प्रश्न : १२५ सीसीची गाडी आहे, सेल्फ आणि किक दोन्ही. सकाळी दूध घालतो. नऊ किलोमीटरात बावीस घरं. वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या, आता तिसरी घ्या म्हणतात. गाडी तपासून दिली तर ‘चार्जिंग बरोबर आहे’ म्हणून परत देतात. मग बॅटरी जाते कुठं? — एक दूधवाले, पाटणजवळून

दादा, तुमच्या पत्रात दोन बॅटऱ्यांच्या किमती आहेत, पण व्होल्टचा एकही आकडा नाही. तपासून देणाऱ्यानं तो तुम्हाला सांगितला नाही आणि तुम्हीही विचारला नाही. म्हणून आधी तीन आकडे तुम्हीच काढा.

पहिला आकडा पहाटेचा, गाडीला हात लावण्याआधीचा. मीटर डीसी व्होल्टच्या वीसच्या घरात लावा. लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं मायनसला. गाडी रात्रभर उभी असणं महत्त्वाचं, कारण चालवून आल्या आल्या मोजलं तर बॅटरी वरवरचं फुगलेलं व्होल्टेज दाखवते आणि आपण फसतो. १२.६ ते १२.८ दिसलं तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२ च्या खाली गेली असेल तर ती उपाशी आहे, आणि आठवडेच्या आठवडे उपाशी ठेवलेली बॅटरी पुढं भरली तरी पहिल्यासारखी होत नाही. प्लेटांवर सल्फेट धरतं, ते पक्कं होतं.

दुसरा आकडा सेल्फ दाबतानाचा. मीटर तसाच लावून ठेवा आणि कुणाला तरी बटण दाबायला सांगा. आकडा खाली येणारच, तो दहाच्या आसपास थांबला तर ठीक. साडेनऊच्याही खाली कोसळत असेल, आणि पहाटेचा आकडा मात्र १२.६ असा छान असेल, तर बॅटरी आतून गेलेली आहे. वरून भरलेली दिसते, पण ओझं उचलत नाही. असा निकाल आला तरच बॅटरी बदलण्याची भाषा करायची.

तिसरा आकडा चालू गाडीचा. गाडी उघड्यावर आणा, धूर कोंडणाऱ्या गोठ्यात हा प्रयोग नको. डबल स्टँडवर लावून चालू करा, आधी नुसत्या आयडलला, म्हणजे रेस न देता वाचा, मग मधल्या रेसला धरून वाचा. रस्त्यावर पन्नासच्या वेगाला इंजिनाचा जो आवाज असतो, तेवढी रेस. हेडलाइट चालूच असेल, तो चालूच हवा. १३.५ ते १४.८ च्या मध्ये कुठंही स्थिरावलं तर नळाला पाणी आहे. रेस वाढवूनही आकडा बारा-साडेबाराच्या पुढं सरकत नसेल तर चार्जिंग येतच नाही, आणि तिसरीच काय, दहावी बॅटरीही टिकणार नाही. पंधराच्या वर जात असेल तर चिपळूणच्या वाचकांचं उत्तर पुढं आहे, ते वाचा.

आता माझा अंदाज सांगतो. तुमचे तिन्ही आकडे चांगले येतील. तपासणाऱ्यानं तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही. दोष गाडीत नसून बावीस घरांत आहे.

हिशेब करू. सेल्फ दोन सेकंद दाबला आणि त्यानं पन्नासेक अँपिअर ओढले असं धरा. दोन गुणिले पन्नास, शंभर. हे भरून काढायला बॅटरीकडं एक अँपिअर जादा जात असेल तर शंभर सेकंद लागतात, घट धरली तर दोन मिनिटं. आणि तो एक अँपिअरही रेस असताना मिळतो. आयडलला मॅग्नेटचं, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाचं, बरंचसं उत्पन्न हेडलाइटच खातो. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो, तो बंद करायचं बटणच तुमच्याकडं नाही. तो ३५ वॉटचा बल्ब असेल तर अडीच-तीन अँपिअर तिथंच गेले. आता सांगा, दोन घरांत तुम्हाला किती वेळ मिळतो? अर्धं मिनिट, फार तर एक. म्हणजे बावीस वेळा उचल आणि बावीस वेळा अर्धी परतफेड. सोसायटीचं कर्जसुद्धा असं फिटत नाही.

तर दादा, पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत किक मारा. गरम इंजिन अर्ध्या किकेत सुरू होतं. सेल्फ फक्त पहाटे एकदा. आणि महिन्यातून एक-दोनदा कराडपर्यंत सरळ चक्कर होत असेल तर ती बॅटरीला औषधासारखी. नसेल होत, तर एखादा लहान चार्जर घेऊन रविवारी रात्री लावून ठेवा. तीन महिने असं करून बघा आणि पहाटेचा आकडा कळवा.

प्रश्न : बाबांची जुनी १०० सीसी गाडी आहे. व्हिडिओ बघून स्टेटर तपासला. कॉइलची वायर आणि बॉडी यांत मीटर लावला तर बीप वाजतो. व्हिडिओत सांगितलं की बीप म्हणजे स्टेटर जळला. नवा आणू का? — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कोल्हापूर

थांब. आणू नकोस. हा प्रश्न विचारलास म्हणून तुझे पैसे वाचले. असे चांगले स्टेटर भंगारात गेलेले मी पुष्कळ बघितलेत.

व्हिडिओत सांगितलं ते चूक नाही, पण ते दुसऱ्या गाडीचं आहे. इंजिनाच्या बाजूच्या झाकणात तांब्याच्या कॉइल बसवलेली प्लेट असते, तो स्टेटर. आपल्याकडं तिला कॉइल प्लेटच म्हणतात. तिच्याभोवती चुंबकं लावलेलं मॅग्नेट फिरतं आणि कॉइलमध्ये एसी तयार होतो. मोठ्या आणि अलीकडच्या गाड्यांत या प्लेटमधून बहुधा तीन पिवळ्या वायरी येतात. तिन्ही आपसांत जोडलेल्या असतात, बॉडीशी एकीचाही संबंध नसतो. तिथं पिवळी आणि बॉडी यांत बीप वाजला तर आतलं वार्निश जळून तांबं लोखंडाला लागलंय. व्हिडिओतला निकाल या गाड्यांचा.

बाबांच्या गाडीची रचना साधी. तिथं कॉइलचं एक टोक प्लेटवरच अर्थ केलेलं, म्हणजे बॉडीला जोडलेलं असतं, मुद्दाम, कारखान्यातच. एका वायरीतून हेडलाइटला थेट एसी जातो (म्हणून तर रेस केली की या गाड्यांचा उजेड वाढतो, आणि ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की म्हातारा होतो), दुसरीतून व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरमार्गे बॅटरीला अर्ध्या लहरीचं चार्जिंग. त्यामुळं बॉडीशी बीप वाजणं हेच या गाडीचं निरोगी लक्षण. उलट तिथं काहीच दाखवलं नाही, तर समज कॉइल तुटली. वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात, तेव्हा रंगावर जाऊ नकोस, गाडीचा वायरिंग नकाशा मिळव.

आता ओहमबद्दल. तीन पिवळ्यांच्या गाडीत दोन-दोन वायरींतला रोध मोजायचा असतो, तो साधारण ०.२ ते १ ओहम. तीनशे रुपयांचा मीटर इथं हतबल होतो. नुसती दोन टोकं एकमेकांना लावलीस तरी तो ०.३ दाखवेल. तो आकडा आधी टिपून ठेव आणि नंतर वजा कर. तरीही ०.४ आणि ०.६ यांतला फरक त्याला कळेल यावर माझा भरवसा नाही. मी ओहमवर कुणाचा स्टेटर बाद करत नाही, तार पूर्ण तुटली आहे का एवढंच त्यात बघतो.

खरी परीक्षा एसी व्होल्टेजची. रेग्युलेटरकडं जाणारा कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) सोड, मीटर एसी व्होल्टवर कर, २०० च्या घरात. गाडी चालू करून पिवळ्यांच्या तिन्ही जोड्या एकामागून एक वाच : पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-पहिली. आयडलला पंधरा-वीस असेल, पाच हजार आरपीएमला पन्नास ते सत्तर-पंचाहत्तरपर्यंत जाईल. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, पण मॅन्युअल नसेल तरी अडत नाही. तिन्ही जोड्या सारख्या आल्या पाहिजेत आणि रेसबरोबर चढल्या पाहिजेत. दोन जोड्या साठ आणि एक बावीस, असं दिसलं की स्टेटर गेला. उघड्या टोकांना मात्र बोट लावू नकोस. साठ व्होल्ट एसी हात झटकायला लावतो, ओल्या फरशीवर तर जास्तच.

आणि हे गाडी गरम करून कर. गार असताना उत्तम आणि वीस मिनिटं फिरवली की मेलेला, असे स्टेटर फार. वार्निशला चीर असते, तांबं तापून फुगलं की त्या चिरेतून लोखंडाला टेकतं. अशा गाडीचा मालक सांगतो, ‘काका, गावात चांगली चालते, पुण्याला निघालो की साताऱ्याच्या पुढं दम टाकते.’ लोक हसतात त्याला. तो खरं बोलत असतो.

प्रश्न : तीन महिन्यांत हेडलाइटचे चार बल्ब उडाले. बॅटरीचं पाणी आठवड्यात कमी होतं. मीटर लावला तर रेसला १५.९ दाखवतो. रेग्युलेटर बदलला, तरी तेच. — किराणा व्यापारी, चिपळूण

तुमची गाडी उपाशी नाही, तिला अजीर्ण झालंय. पंधराच्या वरच्या व्होल्टेजला बॅटरीतलं पाणी उकळावं तसं जातं आणि आम्लाचा फवारा ब्रीदर पाइपातून खालच्या लोखंडावर बसतो. सीट काढून बॅटरीखालचा रंग उडालाय का बघा. पाणी भरताना फक्त डिस्टिल्ड वॉटर, आम्ल नव्हे. उडून जातं ते मुख्यतः पाणी, आम्ल बहुतेक आतच राहतं.

मॅग्नेट जेवढं फिरवाल तेवढं व्होल्टेज बनवत जातं, त्याला पोट भरल्याचं कळत नाही. ते कळतं रेग्युलेटरला. एसीचा डीसी करणं आणि चौदा-साडेचौदाला थोपवणं ही दोन्ही कामं त्या पंख्यासारखे दात असलेल्या डब्याची. गॅरेजमध्ये आम्ही त्याला आरआर म्हणतो. व्होल्टेज जास्त म्हणजे आरआर खराब, हा अंदाज दहातल्या सात-आठ वेळा बरोबर येतो. तुमची गाडी उरलेल्यातली दिसते.

आरआर व्होल्टेज थोपवतो, पण कुठलं? त्याच्या डोळ्यासमोर जे येतं ते. काही गाड्यांत त्याला एक वेगळी बारीक वायर असते, चावीच्या स्विचमधून आलेली. बॅटरीत किती आहे हे तो तिच्यावरून बघतो. आता चावीच्या स्विचमध्ये तुमच्या चिपळूणचा दमट गंज बसला आणि वाटेत सव्वा-दीड व्होल्ट गळाला, तर बॅटरीत १५.९ असताना आरआरला १४.५ च दिसतं. तो म्हणतो ठीक चाललंय, येऊ द्या. आंधळ्या माणसाला पहारा दिल्यासारखं.

माझी मुलगी चिपळूणलाच दिली आहे. दोन वर्षांपूर्वी कुंभार्ली घाट उतरून तिच्याकडं गेलो होतो, तर जावयाच्या मित्राची गाडी अंगणात हजर. तीन आरआर बदलून झालेले, कुठल्या गॅरेजमध्ये ते विचारलं नाही. मी बॅटरीच्या प्लसला मीटरचं एक टोक लावलं, दुसरं त्या बारीक वायरीला, चावी ऑन. मीटरवर १.३. हा आकडा शून्याजवळ हवा, फार तर ०.२. चावीचा स्विच उघडला तर आतले पॉइंट काळेठिक्कर. पॉलिश पेपरनं घासले आणि गाडी १४.४ वर आली. जेवायच्या आधी काम झालं. तीन आरआरचे पैसे काही परत आले नाहीत.

तुमच्या गाडीला अशी वायर नसेल तर आरआरची अर्थ तपासा. चालू गाडीत आरआरची मायनस वायर आणि बॅटरीचा मायनस यांत मीटर लावा. तिथंही ०.२ च्या आत हवं. बॅटरीच्या टर्मिनलचे बोल्ट हलवून बघा, सैल असतील तर झटके बसतात आणि बल्ब तडकाफडकी जातात. आणि हे दुरुस्त होईपर्यंत गाडी लांब नेऊ नका. इंजेक्शनची गाडी असेल तर बल्बांवर भागणार नाही.

प्रश्न : आरआरचा प्लास्टिक कपलर वितळला. गॅरेजवाल्यानं कपलर कापून पिवळ्या वायरी पिळून टेप लावला. आता सहा महिन्यांत टेपही वितळला. रात्रपाळीला जाते, गाडी वाटेत बंद पडायची भीती वाटते. — परिचारिका, लांजा

ताई, हे दुखणं कोकणात घरोघरी आहे. पिनांवर ओल बसते, काळं-हिरवं चढतं, जोड थोडा ढिला पडतो. ढिल्या जोडातून दहा-बारा अँपिअर गेले की तो तापतो, तापला की पिन मऊ पडून आणखी ढिली होते. पिळलेल्या वायरीची गत त्याहून वाईट, टेपखाली काय चाललंय ते दिसतही नाही.

तुम्ही रुग्णाचा ताप मोजता तसा जोडाचाही मोजता येतो. गाडी चालू, हेडलाइट चालू, मधली रेस. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक आरआरच्या प्लस वायरीत, एक बॅटरीच्या प्लसला. दोन्ही प्लसच, म्हणजे खरं तर शून्य यायला हवं. ०.२ पर्यंत चालतं. अर्धा व्होल्ट दिसला तर वाटेत कुठं तरी जोड सडलाय. फ्यूजहोल्डरही विसरू नका, फ्यूज शाबूत आणि त्याचे कान जळलेले असं बरेचदा निघतं.

पिवळ्या वायरींना ही युक्ती तशी लागू होत नाही, तिथं डोळे आणि बोट. दहा मिनिटं चालवून गाडी बंद करा आणि जोडाला जपून हात लावा. वायरीपेक्षा जोड जास्त गरम असेल तर तो बदला. पितळी पिनांचा नवा कपलर घ्या, पिना दाबून वर डाग द्यायला सांगा, आणि वरून तापवून आवळणारी नळी. आत थोडी पेट्रोलियम जेली. काम तासाभराचं आहे. आणि आरआरवर कुणी गोणपाट किंवा रबरी कव्हर घातलं असेल तर काढून टाका, त्याला वारा लागतो. बहुतेक गाड्यांत तो जादाची वीज आपल्या अंगावर घेऊन उष्णता म्हणून सोडत असतो.

प्रश्न : घरून काम असल्यामुळं गाडी दहा-बारा दिवस उभी असते. दर वेळी बॅटरी डाउन. चार्जिंग १४.२ आहे, बॅटरी सहा महिन्यांची. — सॉफ्टवेअरवाले, पुणे

तुमच्या रांजणाच्या बुडाशी ओल आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की चोरीच्या भीतीनं जीपीएस आणि अलार्म बसवलाय. तेच खरं उत्तर, पण मोजून खात्री करा.

चावी बंद. बॅटरीची मायनस वायर सोडा. मीटरची लाल पिन दहा अँपिअरच्या भोकात, आणि मीटर मध्ये घ्या : एक टोक सुटलेल्या वायरीला, एक बॅटरीच्या मायनसला. मीटर असा लावलेला असताना चावी ऑन करायची नाही आणि सेल्फला तर बोटही लावायचं नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. माझे गेलेत. आकडा फार बारीक आला तर मिलिअँपिअरच्या भोकात घ्या. नुसत्या डिजिटल घड्याळाच्या गाडीला एक-दोन, फार तर पाच मिलिअँपिअर. तुमच्याकडं चाळीस निघाले असं समजू. आठ अँपिअर-अवरची बॅटरी भागिले ०.०४, म्हणजे दोनशे तास. आठ दिवस. आणि सेल्फ बंद पडायला ती पूर्ण रिकामी व्हावी लागत नाही, त्याआधीच दम सुटतो.

मग एकेक फ्यूज काढत जा. जो काढल्यावर आकडा पडेल, त्या वाटेवर गळती. अलार्म बसवणाऱ्यानं फ्यूज न घालता थेट बॅटरीवरून जोड दिला असेल तर ती वायर सोडून बघा. जीपीएस नको म्हणत नाही, पण मग उभ्या गाडीला चार्जर लावून ठेवा.

प्रश्न : आमच्या मेकॅनिकची पद्धत : गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची. गाडी चालूच राहिली तर चार्जिंग ठीक. हे बरोबर का? — वडूज

नाही. डायनमोच्या काळात हे खपून जायचं. बॅटरी ही नुसता साठा नसते, व्होल्टेजचे हेलकावे ती पोटात घेते. ती मध्येच काढली की मॅग्नेटचा झटका सरळ बल्ब, आरआर आणि इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूवर, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर जातो. ईसीयूची किंमत विचारून घ्या आणि मेकॅनिकला सांगा. डेपोत बसच्या अल्टरनेटरवर असला प्रयोग करणाऱ्या एका नव्या पोराला आमच्या फोरमननं आठवडाभर बॅटऱ्या उचलायला लावलं होतं. बसची बॅटरी केवढी असते ते एसटीतल्या माणसाला विचारा.

प्रश्न : जुनी बुलेट आहे, हेडलाइटच्या टोपीवर अँपिअर मीटर. आयडलला हेडलाइट लावला की काटा मायनसकडं जातो. दोन फॉग लॅम्प लावल्यापासून रेसलाही प्लसला येत नाही. — शेतकरी, बार्शी

वा. ज्या गाडीवर कंपनीनंच मीटर दिलाय तिचे मालक सुखी. आयडलला काटा मायनसला जाणं हा दोष नाही, उत्पन्न कमी आणि खर्च जास्त एवढाच त्याचा अर्थ. रेस केल्यावर तो मधोमध किंवा थोडा प्लसला आला की झालं. बॅटरी भरलेली असेल तर मधोमधच राहतो, त्यानं घाबरू नका.

फॉग लॅम्प मात्र तुमचे तुम्हीच तोलून बघा. पंचावन्न वॉटचे दोन म्हणजे एकशे दहा वॉट, भागिले चौदा, जवळजवळ आठ अँपिअर. हेडलाइट, टेललाइट आणि इग्निशन धरून जुन्या बुलेटच्या अल्टरनेटरला एवढं झेपायचं नाही. रानातून येताना एक लॅम्प लावा, किंवा कमी वॉटचे एलईडी बसवा. आणि त्या अँपिअर मीटरच्या मागचे दोन नट वर्षातून एकदा आवळा. गाडीचा जवळजवळ सगळा प्रवाह त्यातून जातो, नट ढिला झाला की बुलेट भर रस्त्यात ठार आंधळी होते, आणि मेकॅनिक मॅग्नेट खोलून बसतो.

प्रश्न : तुमच्या मागच्या लेखामुळं मीटर घेतला. माझ्या गाडीला रेसला १६.८ दाखवतो. घाबरून शेजाऱ्याच्या नव्या गाडीला लावला, तिथंही १६.७. भावाच्या गाडीला १६.९. आमच्या गल्लीतले सगळे आरआर गेले का? — शिक्षिका, फलटण

नाही बाई, गल्ली ठणठणीत आहे. मीटरच्या कोपऱ्यात बॅटरीचं छोटं चित्र दिसतंय का बघा. त्याच्या पोटातली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की स्वस्तातला मीटर सगळंच वाढवून सांगतो. पाठीमागचा स्क्रू काढा आणि ती बॅटरी बदला. ही मात्र न मोजता नवीन आणली तरी चालेल.